सुदान्याचा गडगा

मिरजेच्या दवाखान्यात अर्जुनाचं पोट उघडलं आणि काहीच न काढता परत शिवलं. डॉक्टरांनी साळूबाईला बाजूला नेऊन काय ते सांगितलं. नवऱ्याला यातलं काही कळू द्यायचं नाही असं तिनं ठरवलं होतं, पण सांगलीहून साताऱ्याला येणाऱ्या एसटीत तोच म्हणाला, की मला समजलंय, तू उगीच तोंड लपवू नकोस. मग कऱ्हाड येईपर्यंत दोघंही खिडकीबाहेर बघत राहिली.

टाके सुकेपर्यंत तो घरात पडून होता. उठून चार पावलं टाकता यायला लागली तसा परसात गेला, काठीनं जमिनीवर रेघा ओढायला लागला. एक लांब, तिला काटकोनात दुसरी, मध्ये एक गोल. साळूबाई भांडी घासता घासता बघत होती. हा कासवासाठी आवार आखतोय हे तिला न विचारताच कळलं.

ते कासव सुदानचं होतं. अर्जुना पवार मराठा पलटणीत नाईक होता आणि महायुद्धात त्याची पलटण आफ्रिकेत गेली होती. तिथं एका कोरड्या नदीच्या वाळूत त्याचा जोडीदार कोंडीबा याला कासवाचं पिल्लू सापडलं. कोंडीबा जतकडचा धनगर, मेंढरांत वाढलेला. जित्राब दिसलं की त्याचा हात आपोआप पुढं व्हायचा. अर्जुना तेव्हा तापानं फणफणला होता आणि त्याला मायदेशी धाडायचं ठरलं होतं. कोंडीबानं ते लिंबाएवढं पिल्लू त्याच्या हातात ठेवलं. ओव्हरकोटाच्या खिशात बसून ते बोटीनं मुंबईला आणि तिथून साताऱ्याजवळच्या या गावात आलं. अर्जुनानं त्याचं नाव सुदान्या ठेवलं.

आता चौऱ्याहत्तर साल चाललं होतं. सुदान्या धुण्याच्या दगडाएवढा झाला होता. पुढचे पाय हत्तीसारखे, त्यांवर खवल्यांचे काटे, आणि पाठ वाळल्या चिखलाच्या रंगाची. ज्वारीचं पोतं सहज पाठीवर घेणारा गडीसुद्धा त्याला एकट्यानं उचलताना कण्हायचा. पाण्याशी त्याचं काही देणंघेणं नव्हतं. त्याला हवं असायचं ऊन, वाळकं गवत आणि उकरायला जमीन.

साळूबाई लग्न होऊन आली तेव्हा कासव वाटीएवढं होतं. तिला मूल झालं नाही. दोन वर्षं गेली, चार गेली, मग सासू रंगूबाई बोलायला लागली. देवळातलं कासव दगडाचं असतं, ते ठीक. जितं कासव घरात वावरलं तर घर त्याच्यासारखंच थंड पडतं, असं तिचं म्हणणं. नदीत सोड, देवळाच्या तळ्यात सोड, कुणाला तरी देऊन टाक, म्हणून ती लेकाच्या मागं लागली. अर्जुना आईच्या शब्दाबाहेर नसायचा. शेताची वाटणी तिनं सांगितली तशी झाली, घराचं दार तिनं सांगितलं त्या दिशेला लागलं. कासवाचं मात्र त्यानं ऐकलं नाही. रंगूबाई मरेपर्यंत बोलत राहिली आणि तो मान खाली घालून ऐकत राहिला.

साळूबाईनं कासवाची सगळी उस्तवार केली. त्याची घाण काढली, त्याला भाजीचे देठ घातले, पावसाळ्यात नवऱ्याबरोबर त्याला उचलून पडवीत घेतलं. त्यानं किती मडकी लवंडली याला गणती नव्हती. पण त्याला नावानं हाक तिनं कधी मारली नाही. बोलताना ती त्याला 'ते' म्हणायची. मनात काय म्हणायची ते तिचं तिला ठाऊक.

कालवा आल्यापासून गावाच्या चारी अंगाला ऊस झाला होता. जमीन बारा महिने ओली. सुदान्यानं बीळ उकरलं की हातभरावर पाणी लागायचं. पावसाळ्यात त्याचं नाक वाहायचं, तो खाणं टाकायचा. गेल्या साली त्यानं धाकटा दीर सयाजी याच्या उसाच्या बांधाखाली बीळ काढलं आणि बांध फुटून पाण्याची पाळी वाया गेली. सयाजी भावाच्या आजारपणामुळं गप्प होता इतकंच.

साळूबाई हात पुसत परसात आली. अर्जुना काठीवर भार देऊन उभा होता. इथं दगडी भिंत घालू, इथं निवारा करू, म्हणजे माझ्यामागं तुला त्याच्या पाठी धावायला नको, असं तो सांगायला लागला. तिनं त्याला पुरतं बोलू दिलं.

"हितं बांधू नका," ती म्हणाली. "मी न्हाई त्येला ठेवनार."

अर्जुनानं तिच्याकडं बघितलं.

"तुमी हाय तवर हाय. तुमच्यामागं मला त्ये डोळ्यासमोर नगं. आदीच सांगते. मागनं कुनाला तरी देऊन टाकीन, आन तुमी बांदलेली भित तशीच ऱ्हाईल."

एवढं सरळ ती त्याच्याशी आयुष्यात बोलली नव्हती. त्यानं पायानं रेघा पुसल्या आणि घरात जाऊन भिंतीकडं तोंड करून झोपला. साळूबाईला वाईट वाटलं, पण बोललेलं तिनं मागं घेतलं नाही.

दोन दिवसांनी त्यानं गावातल्या लालासाहेबाला बोलावून घेतलं. लालासाहेबाचा ट्रक गूळ घेऊन जतवरून विजापूरला जायचा. अर्जुनानं त्याच्याजवळ कोंडीबाला निरोप धाडला. कोंडीबानं आता मेंढरं घेऊन फिरणं सोडलं होतं. दुष्काळात निम्मीअधिक मेंढरं गेली, उरलेली त्यानं भावांना दिली आणि उमदीच्या वाटेवर एका माळावर घर बांधून तो राहिला होता. पुढच्या खेपेला उत्तर आलं: घेऊन ये. माळ सगळा मुरमाड आहे, नासधूस करायला इथं काहीच नाही.

"सोबत येशील का?" अर्जुनानं बायकोला विचारलं. "भित मी घालतो. माझ्या डोळ्यांदेखत झाली म्हंजे बरं."

ती हो म्हणाली. नाही म्हणण्यासारखी त्याची तब्येतच नव्हती.

ट्रकमध्ये गुळाच्या ढेपा आणि मागच्या बाजूला कडब्याचं अंथरूण करून त्यावर सुदान्या. अर्जुना ड्रायव्हरशेजारी बसला. कासव हिसक्यानं सरकायला लागलं म्हणून साळूबाई मागं चढली आणि त्याच्या पाठीला पाय लावून बसली. सांगली गेली, मिरजेत दवाखान्याची इमारत दिसली तशी तिनं मान फिरवली. कवठेमहांकाळ सुटल्यावर झाडं विरळ होत गेली. जत ओलांडल्यावर तर नजर पोचेल तिथवर तांबूस माळ, मध्येच एखादी बाभळ आणि वाळलेलं कुसळी गवत. उसाचा ओला वास नाकातून कधी गेला ते तिला कळलं नाही. ट्रक थांबला तेव्हा सुदान्यानं मान पूर्ण बाहेर काढली होती.

कोंडीबा ट्रकच्या फळीशी आला. पागोटं पांढरं, मिशा पांढऱ्या. आधी कासवाच्या पाठीवरून त्यानं हात फिरवला, मग अर्जुनाकडं बघितलं आणि बराच वेळ बघतच राहिला.

"वाळला रं गड्या," तो म्हणाला.

"तू तरी कुठं हिरवा हाईस," अर्जुना म्हणाला.

कोंडीबानं आधीच बाभळीच्या आणि बोरीच्या फांद्या रचून काट्याचं कुंपण करून ठेवलं होतं, मेंढरांना करतात तसं. कासवाला एवढं पुरे, असं त्याचं मत. सुदान्याला आत सोडलं. तो थोडा वेळ उभा राहिला, मग सरळ चालत कुंपणात शिरला आणि पलीकडून निघाला. पाठीवर एक आख्खी फांदी अडकलेली, ती ओढत ओढत ओढ्याच्या दिशेनं चालला. कोंडीबाची बायको धोंडुबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. अर्जुना पोटाचे टाके धरून हसला. मिरजेहून आल्यापासून तो पहिल्यांदाच हसत होता.

मग दगडी गडगा घालायचं ठरलं. बाभळीखाली बाज टाकली आणि अर्जुना तिथून सांगायला लागला. सुदान्याला फटीतून उजेड दिसला की तो तिथंच रेटा देतो, भिंत सलग असली की मुकाट वळतो, म्हणून दगडांतली प्रत्येक फट चिपांनी भरायची. तो भिंतीखालून उकरतो, म्हणून पाया कमरेएवढा खोल घ्यायचा आणि आतल्या अंगाला सपाट फरश्या गाडायच्या. दगड माळावर हवे तेवढे पडले होते. कोंडीबा आणि धोंडुबाई दोघांनीही दुष्काळी कामावर वर्षभर खडी फोडली होती. दगडाला कुठं हातोडा मारायचा हे त्यांना सांगावं लागत नव्हतं. मोठे दगड ते दोघं पहारीनं लोटत आणायचे, साळूबाई पाटीतून चिपा वाहायची आणि फटी बुजवायची.

असे बरेच दिवस गेले. सकाळी गार वारं असायचं तेव्हा काम व्हायचं, ऊन चढलं की सगळे बाभळीखाली यायचे. धोंडुबाईच्या बोलण्यात मध्येच कानडी यायची. ती साळूबाईला अक्का म्हणायची आणि काही समजलं नाही की दोघी हातवारे करून हसायच्या. अर्जुनाला भाकरी जात नव्हती. त्याला ज्वारीच्या कण्या ताकात शिजवून द्यायच्या, त्याही हळूहळू उरायला लागल्या.

एका दुपारी कोंडीबा आणि धोंडुबाई बाजाराला गेले होते. गडग्याच्या तीन बाजू उभ्या राहिल्या होत्या. साळूबाई बाजेजवळ बसून चिपा निवडत होती. समोर सुदान्या फड्या निवडुंगाचं पान काट्यांसकट चावत होता. तिनं खाली बघतच विचारलं, "आत्ती एवढ्या बोलायच्या. मरताना बी त्येच बोलल्या. तरी तुमी ह्येला का ठेवलं?"

अर्जुनानं कूस बदलली. तिला वाटलं, त्याला झोप लागली.

"आईला दुसरी सून आनायची हुती," तो म्हणाला. "खटावची एक पोरगी बघून बी ठेवली हुती."

साळूबाईचे हात थांबले. यातलं तिच्या कानावर कधी काही आलं नव्हतं.

अर्जुना थांबत थांबत सांगत गेला. लग्नाला पाच वर्षं होत आली होती. आई म्हणाली, हिच्यात खोट आहे, दुसरी कर. नाही म्हणायची त्याची हिंमत नव्हती. आईसमोर त्याची जीभच उचलत नसे. त्यावेळी शेजारची एक म्हातारी बोलून गेली, की घरात कासव फिरतंय तर पाळणा हलायचा कसा. ते त्यानं धरलं. आईला म्हणाला, व्हय, कासवाचंच असेल. तेव्हापासून आई कासवाच्या मागं लागली आणि दुसऱ्या सुनेचं मागं पडलं. कासव घालवलं असतं आणि तरी मूल झालं नसतं, तर मग बोट साळूबाईकडं वळलं असतं. म्हणून त्यानं कासव घालवलं नाही.

"खोट तुझ्यात का माझ्यात, मला ठावं न्हाई," तो म्हणाला. "बघायला गेलोच न्हाई. त्ये घरात हाय तवर समदं त्येच्यावर जात हुतं."

साळूबाई उठली. चिपांची पाटी तिथंच ठेवून ती माळ उतरून ओढ्यावर गेली. ओढा कोरडा होता. एका खडकावर ती बसून राहिली. तिला त्या खटावच्या मुलीचं नाव विचारावंसं वाटलं, आणि लगेच वाटलं की नको. आपण जिला आयुष्यभर घाबरलो त्या सासूची आठवण आली. नवऱ्याचा राग आला, की एवढी मोठी गोष्ट आपल्यापासून लपवून तो रोज शेजारी जेवत राहिला. त्याच रागात तिला रडूही आलं. कुणी बघायला नव्हतं म्हणून ती मनसोक्त रडली.

सावल्या लांब झाल्यावर ती परत आली. अर्जुना तसाच उताणा पडून वर बघत होता. तिनं चूल पेटवली, कण्या शिजवल्या आणि वाटी घेऊन बाजेवर बसली.

"तुमी मला सांगायचं हुतं," ती म्हणाली.

"सांगितलं असतं तर तू आईला बोलली असतीस."

"व्हय. बोलले असते." तिनं चमचा त्याच्या तोंडाशी नेला. "पंचवीस वरसं मी त्येला मनातनं श्याप देत ऱ्हायले."

"त्येला कळलं न्हाई," अर्जुना म्हणाला.

त्या संध्याकाळी त्यानं वाटीतलं सगळं खाल्लं.

दुसऱ्या दिवसापासून साळूबाई चिपा सोडून मोठे दगड उचलायला लागली. धोंडुबाईनं अडवलं तरी ऐकेना. निवाऱ्याचं काम तिनंच अंगावर घेतलं. उतारावर जमीन गुडघ्याएवढी खोदून तीन बाजूंनी दगड लावले, वर शहाबादी फरश्या आडव्या टाकल्या, त्यांवर मुरूम आणि माती टाकून चोपणीनं बडवून काढली. पाणी आत जाऊ नये म्हणून वरच्या अंगाला चर काढला. दार उगवतीला ठेवलं. अर्जुनाच्या सांगण्यावरून बाजूला पिण्याच्या पाण्याची एक पसरट दगडी डोणी पुरली, कासवाला उतरता आणि चढता येईल इतकी उथळ. काम करताना ती कासवाशी बोलायची. सरक बाजूला, पायाखाली येऊ नगंस, सुदान्या, असं तिच्या तोंडून गेलं तेव्हा अर्जुनानं डोळे मिटून घेतले.

निवारा पुरा झाला त्या दिवशी त्याची बाज उचलून दारासमोर नेली. त्यानं आतून वारा कुठून येतो ते हात लावून पाहिलं, एक फरशी हलतेय म्हणून सांगितलं. ती नीट बसवली. ऊन कलल्यावर सुदान्या आपणहून दाराशी आला, तिथं थोडा वेळ थांबला आणि आत गेला. आतून मुरूम उकरल्याचा आवाज यायला लागला. कोंडीबा म्हणाला, आता हा काय बाहेर पडत नाही. अर्जुनानं मान हलवली.

त्यानंतर तो उठला नाही. मोटार करून मिरजेला न्यावं असं कोंडीबाचं मत होतं, पण अर्जुना नको म्हणाला आणि साळूबाईनंही जोर केला नाही. एका सकाळी ती त्याचं तोंड पुसत होती आणि तेवढ्यात तो गेला. धोंडुबाई दुधाची कासंडी घेऊन येत होती; तिनं साळूबाईचा चेहरा बघितला आणि कासंडी खाली ठेवली.

कोंडीबानं जतहून फोनवर धाडलेला निरोप मिळताच सयाजी मोटार करून निघाला आणि दिवस मावळायच्या आत पोचला. ओढ्याच्या काठावर अग्नी दिला. तिसऱ्या दिवशी राख सावडल्यावर सयाजीनं अस्थी पंच्यात बांधल्या. माहुलीच्या संगमावर सोडायच्या, दहावं तिथंच घालायचं, वहिनी, आवरा, असं तो म्हणाला.

साळूबाई गडग्याकडं बघत होती. पूर्वेची बाजू अजून गुडघ्याएवढीच होती. तिथं कोंडीबानं तात्पुरती लाकडाची फळी लावली होती.

"भावजी, तुमी फुडं व्हा," ती म्हणाली. "दहाव्याला मी येते. भित अर्धी टाकून मला यायचं न्हाई."

सयाजी गोंधळला. सुतकात कसलं काम करताय, लोक काय म्हणतील, कासवापायी दादाच्या दिवसांना घरात बसला नाहीत म्हणून सगळीकडं होईल, असं तो समजावत राहिला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. साळूबाईनं ते सगळं ऐकून घेतलं आणि पदर खोचून दगडाकडं गेली. कोंडीबालाही सुतकात तिला दगड उचलू देणं बरं वाटेना. तो थोडा वेळ उभा राहिला, मग पहार घेऊन तिच्या मागं गेला. सयाजी गडग्यावर बसला होता. शेवटी त्यानंही सदरा काढून ठेवला आणि संध्याकाळच्या एसटीची वेळ होईपर्यंत दगड दिले.

भिंत पुरी झाली तशी निघायच्या सकाळी कोंडीबानं तिला विचारलं, "वैनी, एक सांगा. मागं न्यावं वाटतंय का ह्येला? फुडच्या खेपेला लालासाहेबाच्या ट्रकात घालून देईन."

तिनं गडग्यावरून आत बघितलं. सुदान्या निवाऱ्यापुढं ऊन घेत पडला होता, चारी पाय पसरून, मान जमिनीला टेकून. गावाकडं असा तो कधी पडलेला तिनं पाहिला नव्हता.

"वाटतंय," ती म्हणाली. "पन त्येला हितंच बरं हाय."

सांगलीच्या स्टँडवर साताऱ्याच्या गाडीची वाट बघताना शेजारी बसलेल्या बाईनं विचारपूस केली. कपाळ मोकळं बघून ती हळहळली आणि मुलंबाळं किती म्हणाली. साळूबाईनं न्हाईत म्हणून सांगितलं. बाई थोडं थांबली, कारण अशा उत्तरामागं नेहमी काहीतरी सांगणं येतं. साळूबाईनं नवऱ्याबद्दल सांगितलं. तो नाईक होता, आईला भ्यायचा, आणि मला त्यानं सोडलं नाही. गाडी लागेपर्यंत ती त्याच्याबद्दलच बोलत होती.

दहावं, तेरावं झालं. घरात ती एकटीच उरली. पुढच्या उन्हाळ्यात, पाऊस लागायच्या आधी, तिनं सयाजीला सांगितलं की मी उमदीला जाते. सयाजीनं कारण विचारलं नाही, स्टँडवर सोडायला आला.

कोंडीबाच्या माळावर ती पोचली तेव्हा गडग्याची उत्तरेची बाजू पोट काढून आली होती. वळवाच्या एका सरीनं पाया एका ठिकाणी खचला होता. कोंडीबा म्हणत होता, वरवर चिखल लिंपून टाकू. साळूबाईनं तेवढा भाग उतरवायला लावला. चार दिवस ती आणि धोंडुबाई खालपासून दगड पुन्हा रचत होत्या. सुदान्या पलीकडच्या अंगाला गवत खात फिरत होता. काम संपलं तेव्हा साळूबाईनं भिंतीला दोन्ही हातांनी रेटा देऊन पाहिला, मग खांदा लावून पाहिला, आणि हातपाय धुवायला आत गेली.